दम थांबला, मग गोळी का थांबवायची नाही? हृदयातल्या व्रणाची गोष्ट

मागच्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका वस्तीत घरभेटीला गेले होते. अठ्ठावन्न वर्षांचे एक काका, आयुष्यभर हमाली केलेले. चार महिन्यांपूर्वी पाय सुजले, रात्री झोपले की दम कोंडायचा, म्हणून त्यांना सरकारी दवाखान्यात भरती केले होते. आठ दिवसांनी घरी सोडताना हातात पाच प्रकारच्या गोळ्या दिल्या. मी गेले तेव्हा काका अंगणात खाट विणत बसले होते. गोळ्यांच्या पिशवीला गाठ मारून ती खुंटीला टांगलेली. मी विचारल्यावर म्हणाले, "ताई, आता दम लागत नाही, पाय सुजत नाही. मंग गोया कायले खाऊ?"

मी म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय ना, म्हणून." दोन महिन्यांनी काका पुन्हा भरती झाले.

नंतर विचार केला तेव्हा लक्षात आले की काकांचा प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. मी दिला तो हुकूम होता. आपल्या माणसांनी आयुष्यभर हुकूम ऐकलेले आहेत, आणखी एक ऐकून ते बदलत नाहीत. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी, डॉक्टर नाही. पण त्यानंतर वाचत गेले, ओळखीच्या डॉक्टरांना विचारत गेले, तेव्हा काकांच्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळाले. ते हृदयाच्या स्नायूत होणाऱ्या व्रणात आहे, आणि तो व्रण करायला सांगणाऱ्या काही सूक्ष्म प्रथिनांत आहे. त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात.

आधी एक गैरसमज दूर करू. 'हार्ट फेल' ऐकले की आपण समजतो हृदय बंद पडले, माणूस गेला. डॉक्टर ज्याला हार्ट फेल्युअर म्हणतात त्याचा अर्थ वेगळा आहे. हृदय चालू असते, पण शरीराला लागते तेवढे रक्त ते पुढे ढकलू शकत नाही, किंवा त्यात पुरेसे रक्त भरत नाही. मागे तुंबलेले पाणी फुफ्फुसात आणि पायात उतरते. म्हणून दम आणि सूज. असा माणूस औषधावर वर्षानुवर्षे जगू शकतो.

आता व्रणाकडे येऊ. गुडघा फुटला की आठ-पंधरा दिवसांत नवी कातडी येते. हृदयाच्या स्नायूचे तसे नाही. माणूस मोठा झाल्यावर हृदयातल्या स्नायूपेशी जवळजवळ नव्याने तयार होत नाहीत. हे शोधण्याची युक्ती विलक्षण होती. १९५० आणि १९६० च्या दशकांत झालेल्या अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला. तो पिकांत, पिकांतून अन्नात आणि अन्नातून जगभरच्या माणसांच्या पेशींत गेला. पेशी ज्या वर्षी जन्मली त्या वर्षीच्या कार्बनची खूण तिच्या डीएनएत राहते. स्वीडनच्या करोलिन्स्का संस्थेतील योनास फ्रिझेन आणि सहकाऱ्यांनी ही खूण वाचून २००९ मध्ये सांगितले की पंचविशीत हृदयाच्या स्नायूपेशींपैकी वर्षाला साधारण १ टक्का नव्या होतात आणि पंचाहत्तरीपर्यंत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून खाली येते. म्हणजे जन्मभर आपण बहुतांशी मूळच्याच पेशींवर काढतो. हार्ट अटॅकमध्ये एका झटक्यात त्यातल्या कोट्यवधी मरतात.

मग त्या जागी काय येते? तिथे कोलॅजन नावाच्या चिवट तंतूंचा व्रण भरतो. आणि तो भरायलाच हवा. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आवळते. मेलेल्या स्नायूची मऊ पडलेली भिंत तशीच राहिली तर ती फाटेल आणि माणूस तिथेच जाईल. अटॅकनंतरच्या पहिल्या आठवड्यांत हा व्रण जीव वाचवतो. वाईट गोष्ट पुढे सुरू होते.

व्रण भरण्याचे काम फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी करतात. निरोगी हृदयातही त्या असतात, स्नायूंच्या मधे मधे शांत बसून जाळी राखत असतात. त्यांना कामाला लावणारा निरोप म्हणजे ग्रोथ फॅक्टर. एक पेशी हे प्रथिन सोडते, दुसरीच्या अंगावरच्या कुलपात ते किल्लीसारखे बसते, आणि दुसरी पेशी वाढते, विभागते, जागा बदलते किंवा नवा पदार्थ बनवू लागते.

असा पहिला निरोप ज्यांनी शोधला त्या रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांच्याबद्दल दोन ओळी लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. इटलीत मुसोलिनीने १९३८ मध्ये वंशाचे कायदे केले आणि ज्यू असल्यामुळे त्यांना विद्यापीठाची दारे बंद झाली. त्यांनी तुरिनच्या घरात, आपल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून हत्यारे केली आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर काम चालू ठेवले. युद्धानंतर अमेरिकेत जाऊन त्यांनी मज्जातंतू वाढवणारा ग्रोथ फॅक्टर शोधला. १९८६ चे नोबेल त्यांना आणि त्यांचे सहकारी स्टॅन्ली कोहेन यांना मिळाले. हे वाचताना आपल्याकडची किती नावे डोळ्यांसमोर आली ते सांगत बसत नाही.

हृदयाच्या व्रणात असे बरेच निरोप एकत्र काम करतात. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटमधून निघणारा पीडीजीएफ १९७४ मध्ये सापडला. तो फायब्रोब्लास्टना जखमेकडे बोलावतो आणि त्यांची संख्या वाढवतो. पण कारभारी म्हणावा असा निरोप टीजीएफ-बीटा हा आहे. तो मिळाला की शांत बसलेली फायब्रोब्लास्ट बदलते. तिच्यात स्नायूसारखे आवळणारे धागे तयार होतात आणि ती कोलॅजन बनवत सुटते. या बदललेल्या पेशीला मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात.

मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले ते पुढचे. टीजीएफ-बीटा गरज पडेल तेव्हाच बनतो असे नाही. तो आधीच बनवून, एका वेष्टनात बांधून, पेशींच्या बाहेरच्या जाळीत साठवलेला असतो. हे वेष्टन उघडण्याचा एक मार्ग म्हणजे ओढ. जाळीवर ताण आला, पेशीने ती ओढली, की वेष्टन उघडते आणि टीजीएफ-बीटा सुटतो. जितका ताण जास्त, तितका निरोप जास्त. निरोप जास्त, तितके कोलॅजन जास्त. आणि कोलॅजनने जाळी कडक झाली की तीच ओढ आणखी सहज वेष्टन उघडते. कातडीवरच्या जखमेत काम संपले की या पेशी मरतात किंवा शांत होतात. हृदयात ताण कायम असेल तर त्यांना थांबा म्हणणारे कोणी उरत नाही.

म्हणजे व्रणासाठी अटॅक यायलाच हवा असे नाही. नुसता वाढलेला रक्तदाब पुरतो. दहा-पंधरा वर्षे हृदय जास्त दाबाविरुद्ध ढकलत राहिले की स्नायूपेशींच्या मधोमध बारीक बारीक कोलॅजन साचत जाते. हा व्रण एका जागी ठिपक्यासारखा नसतो, सगळ्या भिंतीत पसरलेला असतो. दुखत नाही, खुपत नाही. साध्या ईसीजीतही बहुधा दिसत नाही. बऱ्याच धुतलेल्या आणि सुकून कडक झालेल्या सुती कापडासारखी भिंत होते. तिचे आवळणे सुरुवातीला ठीक असते, पण ती सैल पडून रक्त भरून घेत नाही. जिना चढताना लागलेला दम आपण 'वय झालं' म्हणून सोडून देतो, तेव्हा आत हे बरेच पुढे गेलेले असू शकते. शिवाय कोलॅजनमधून वीज जात नाही. ठोक्याची लहर व्रणाला वळसा घालून जाते आणि कधी तिथेच गोल फिरू लागते. धोकादायक अनियमित ठोके असे सुरू होतात.

रक्तदाबाबरोबर दोन संप्रेरकेही आगीत तेल ओततात. अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन. हृदय कमी रक्त ढकलते तेव्हा मूत्रपिंडाला वाटते की शरीरात पाणी कमी झाले. ते ही साखळी सुरू करते. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मीठ-पाणी धरून ठेवले जाते. जंगलात रक्तस्राव झालेल्या माणसासाठी ही व्यवस्था उत्तम होती. आजारी हृदयावर मात्र तिने ओझे वाढते, आणि त्यातच अँजिओटेन्सिन हृदयातल्या पेशींना टीजीएफ-बीटा जास्त बनवायला लावतो. काकांच्या गोळ्यांचा धागा इथे जुळतो. तिकडे जाण्यापूर्वी थोडे थांबू, कारण एक शंका वाचकांच्या मनात आली असेल: सगळा घोळ टीजीएफ-बीटाचा असेल तर सरळ तोच का बंद करत नाहीत?

करून पाहिले आहे, उंदरांवर. अटॅकनंतर लगेच टीजीएफ-बीटा अडवला तेव्हा हृदय जास्त पसरले आणि उंदीर जास्त मेले. कारण सुरुवातीचा व्रण आवश्यक असतो, आणि जखमेतला दाह आवरण्याचे कामही हाच निरोप करतो. शरीरात इतर ठिकाणी तो पेशींची बेफाम वाढ रोखतो. त्याला शत्रू म्हणून काढून टाकता येत नाही.

दुसऱ्या एका ग्रोथ फॅक्टरने हा धडा माणसांत दिला. हृदयाच्या स्नायूपेशींना जगण्यासाठी न्युरेग्युलिन नावाचा निरोप लागतो आणि तो एचईआर-२ या कुलपाच्या जोडीने काम करतो. काही स्तनांच्या कॅन्सरमध्ये हेच कुलूप फार वाढलेले असते. ते अडवणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत १९९८ मध्ये आले. कॅन्सरवर ते खूप उपयोगी ठरले, पण काही स्त्रियांचे हृदय अशक्त झाले, विशेषतः ज्यांना डॉक्सोरुबिसिनच्या गटातले औषध सोबत दिले होते त्यांचे. म्हणून हे इंजेक्शन सुरू करण्याआधी आणि चालू असताना हृदयाचा एको करतात. वस्तीतल्या कोणा बाईला ही तपासणी सांगितली आणि घरच्यांना तो फुकटचा खर्च वाटला, तर त्यामागचे कारण हे आहे.

तर मग औषधांनी वेगळी वाट धरली. त्यांनी निरोप अडवला नाही, निरोप पाठवायला लावणारा ताण आणि संप्रेरके कमी केली. या वाटेची सुरुवात ब्राझीलच्या जराराका या विषारी सापापासून झाली. त्याच्या विषात असे पदार्थ आहेत की जे अँजिओटेन्सिन बनू देत नाहीत. सर्जिओ फेरेरा या ब्राझिलियन शास्त्रज्ञाच्या कामातून तो धागा मिळाला आणि पुढे १९८१ मध्ये कॅप्टोप्रिल ही गोळी आली. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या तिच्याच बहिणी. लोसार्टन, टेल्मिसार्टन वेगळ्या जागी पण त्याच साखळीवर काम करतात.

१९८७ मध्ये उत्तर युरोपातल्या एका चाचणीत हार्ट फेल्युअरचे अतिशय गंभीर असे २५३ रुग्ण घेतले. अर्ध्यांना एनालाप्रिल, अर्ध्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. सहा महिन्यांत रिकाम्या गोळीवरच्या शंभरातले ४४ गेले, एनालाप्रिलवरचे २६. पुढे १९९९ मध्ये अल्डोस्टेरॉन अडवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनची चाचणी १६६३ रुग्णांवर झाली आणि मृत्यूंचा धोका ३० टक्क्यांनी कमी झाला. त्यातल्या काही रुग्णांच्या रक्तात संशोधकांनी कोलॅजन बनताना सुटणारे तुकडे मोजले. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांत ते कमी झाले होते, आणि ज्यांच्यात ते आधी जास्त होते त्यांनाच गोळीचा फायदा जास्त झाला. म्हणजे या गोळीच्या उपयोगाचा एक भाग व्रण रोखण्यातून येतो.

थेट व्रणावरही प्रयत्न चालू आहेत. फुफ्फुसाच्या फायब्रोसिसवर दिले जाणारे पिरफेनिडोन कडक झालेल्या हृदयांवर वापरून पाहिले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एमआरआयवर व्रण थोडा कमी झालेला दिसला. तेवढ्यावरून ती हृदयाची गोळी झाली असे नाही.

आता काकांच्या प्रश्नाचे उत्तर. हाच प्रश्न लंडनमधल्या डॉक्टरांनीही घेतला होता. हृदय पसरून अशक्त झालेले, पण औषधांवर पूर्ण सुधारलेले ५१ लोक. दम नाही, सूज नाही, एको ठीक. काकांसारखेच. त्यातल्या २५ जणांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू बंद केल्या, २६ जणांच्या चालू ठेवल्या. सहा महिन्यांत बंद केलेल्या २५ पैकी ११ जणांचा आजार परतला. चालू ठेवलेल्यांत एकाचाही नाही. त्रास थांबला होता, आतला निरोप थांबला नव्हता. गोळी त्यावर हात ठेवून होती.

हे कळल्यावर मी घरभेटीतल्या पिशव्या वेगळ्या नजरेने पाहू लागले. बहुतेक पिशव्यांत एक गोळी संपलेली असते आणि बाकीच्या शिल्लक असतात. संपलेली असते ती पाण्याची गोळी, फ्युरोसेमाइड. कारण तिचा परिणाम दोन तासांत कळतो. लघवी होते, सूज उतरते, अंग हलके वाटते. पण ती साचलेले पाणी काढते, व्रणाचे तिला काही देणेघेणे नाही. आणि एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन, ज्या आत खरे काम करतात, त्यांचे काहीच जाणवत नाही, म्हणून त्या पडून राहतात. पैसे कमी असले की लोक जाणवणारी गोळी विकत घेतात. यात अडाणीपणा कुठे आहे? ज्याचा गुण दिसतो त्यालाच पैसे द्यायचे, हा गरिबाचा हिशेब आहे. चूक सांगणाऱ्याची आहे. कोणती गोळी कशासाठी, हे दोन वाक्यांत कोणी सांगितलेले नसते.

बायकांचे गणित उलटे असते. बांधकामावर किंवा धुणीभांडी करायला जाणारी बाई पाण्याची गोळी सकाळी घेत नाही, कारण दिवसभर लघवीला जायला जागा नाही. मग ती घेतच नाही. डॉक्टरांना हे ती सांगत नाही आणि डॉक्टरही विचारत नाहीत. वेळ बदलून घेता येते का, एवढे विचारले तरी अनेकदा मार्ग निघतो.

अशीच आणखी काही कारणे आहेत ज्यांनी गोळी सुटते. एनालाप्रिल-रॅमिप्रिलने काहींना कोरडा खोकला येतो. तेव्हा गोळी फेकू नये, डॉक्टर दुसऱ्या गटातली देतात. स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना रक्तातले पोटॅशियम आणि क्रिएटिनिन ठरावीक काळाने तपासावे लागते, कारण पोटॅशियम फार वाढले तर जिवावर बेतते. ही तपासणी टाळू नका. आणि मूल होण्याच्या वयातल्या मुलींनी हे नक्की लक्षात ठेवावे: एनालाप्रिल, लोसार्टन यांसारख्या गोळ्या गरोदरपणात बाळाला धोका करतात. दिवस राहण्याचा विचार असेल किंवा पाळी चुकली तर लगेच डॉक्टरांना सांगायचे. स्वस्ताईचे म्हणाल तर यातल्या बऱ्याच गोळ्या जेनेरिक मिळतात. नव्या गोळ्यांपैकी डॅपाग्लिफ्लोझिनचे भारतातले पेटंट २०२० मध्ये संपले आणि तिचेही अनेक कंपन्यांचे स्वस्त प्रकार आले. जनऔषधी केंद्रात चिठ्ठी दाखवून विचारावे.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी लिहायची आहे. आपल्या आणि आदिवासी समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच 'लॅन्सेट' या नियतकालिकात याची नोंद केली होती. सिकलसेलच्या एसएस रुग्णात रक्त कायम कमी असते, म्हणून हृदयाला वर्षानुवर्षे जास्त काम पडते आणि ते मोठे होते. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या हृदयाचे एमआरआय काढले, तेव्हा तपासलेल्या सर्वांच्या स्नायूत पसरलेला व्रण दिसला. इथेही एक ग्रोथ फॅक्टर आहे. लाल पेशी बनवणाऱ्या पेशी या रुग्णांत पीएलजीएफ नावाचा निरोप जास्त सोडतात, आणि फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढण्याशी त्याचा संबंध आहे. एएस म्हणजे वाहक असणाऱ्यांनी हे वाचून घाबरू नये, ही गोष्ट एसएस रुग्णांची आहे. पण वस्तीत मी पाहते ते असे: एसएस मुलाला दम लागला की घरचेच काय, दवाखान्यातही 'रक्त कमी आहे' एवढ्यावर विषय संपतो. रक्त कमी आहे हे खरेच असते. त्याच्या जोडीला हृदयाचा एको झाला आहे का, हे विचारायला हवे.

आणि ज्यांना अजून काहीच झालेले नाही, पण रक्तदाब वाढलेला आहे, त्यांचा ताण आज चालू आहे. वेष्टने आज उघडत आहेत. जुना घट्ट व्रण कोणतीच गोळी पूर्ण विरघळवू शकत नाही. पसरलेला बारीक व्रण मात्र दाब उतरल्यावर काही प्रमाणात मागे येतो, असे अभ्यासांत दिसले आहे. मिठाची पुडी, लोणचे, सुकी मासळी, पापड यांवर हात आखडायचा तो याच काळात.

जे आधीच औषधावर आहेत त्यांनी घरात वजनकाटा नसेल तर जवळच्या अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात वजन करत राहावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंगावर धरलेले मांस नसते, साचलेले पाणी असते. एका उशीवर झोप लागेना आणि दोन लागू लागल्या, किंवा रात्री उठून बसावे लागले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

काका सध्या घरी आहेत. दुसऱ्यांदा सुट्टी झाल्यावर मी त्यांच्याजवळ बसले आणि प्रत्येक गोळी काढून सांगितले, ही पाणी काढते, ही आतला कडकपणा रोखते, हिचे तुम्हाला काहीच जाणवणार नाही. काकांनी एनालाप्रिलची पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली. म्हणाले, "म्हंजे हे मुकादमासारखी हाय. दिसत नाही, पन नसली तं काम बिघडते." मागच्या आठवड्यात त्यांच्या सुनेचा फोन आला. पोटॅशियमची तपासणी केंद्रात होत नाही म्हणतात, कुठे पाठवू? मी आता त्याच कामासाठी निघाले आहे.